पिंपळी, मिरची आणि लमाणांची गोणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मसाल्याच्या इतिहासावर बोला म्हटलं की बोलणारा माणूस लगेच जहाजात जाऊन बसतो. वास्को द गामा, कालिकत, पोर्तुगीज, डच, इंग्रज... पंधरा मिनिटांत तीन समुद्र पार होतात आणि भाषण संपतं. मला ते जमणार नाही. मी वाशिम जिल्ह्यातला माणूस. आमच्याकडून मुंबईचा समुद्र रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या वर आहे. लहानपणी आम्ही समुद्र पाहिला तो नकाशात, निळ्या खडूनं रंगवलेला. पण लवंग, वेलदोडा, जायफळ, मिरे हे सगळं घरात होतंच. फडताळातल्या एका डब्यात अर्ध्या आशियाचा भूगोल भरलेला असायचा. मिरे बंदरात उतरले, इथपर्यंत पुस्तकं सांगतात. बंदरापासून वऱ्हाडातल्या चुलीपर्यंतची वाट मात्र कोणी फारशी सांगत नाही. आज आपण जमेल तेवढं त्या वाटेनं जाऊ.

सुरुवात शब्दापासून करतो, कारण कवीजवळ दुसरं भांडवल नसतं. 'मसाला' हा शब्द मूळचा अरबी, 'मसालिह'. तो 'मस्लहत' या शब्दाचं अनेकवचन. मस्लहत म्हणजे हिताची गोष्ट, भल्याचा विचार. याच मस्लहतीची मराठीत 'मसलत' झाली. म्हणजे पेशव्यांच्या दफ्तरात जी मसलत चालली होती आणि मुदपाकखान्यात जो मसाला कुटला जात होता, ती दोन्ही एकाच घरची लेकरं. 'सल्ला' त्याच कुळातला. तह या अर्थाचा 'सुलह' त्याच कुळातला. आणि उर्दू शायरीत उस्ताद शागिर्दाची गझल तपासून नीट करतो त्याला 'इस्लाह' म्हणतात, तोही याच कुळातला. मसाला म्हणजे भाजीची इस्लाह, असं म्हणायला माझी हरकत नाही. दालचिनीचंही असंच. फारसीत 'दार-ए-चीनी', चीनचं लाकूड. उत्तम दालचिनी पिकते श्रीलंकेत, पण नाव चीनचं पडलं ते पडलंच. व्यापाऱ्याला आपला माल कुठून येतो हे सांगायची घाई कधीच नसते.

आता पिंपळीकडं येतो. नव्या पिढीला ही ओळखीची नसेल. मिऱ्याच्याच जातीची वेल, पण फळ गोल नसतं. बोटाच्या पेराएवढं लांबट, तुतीसारखं खरबरीत, वाळल्यावर काळपट. चावली तर आधी गोडसर लागते, मग तिखटपणा सावकाश जिभेवर चढत जातो आणि बराच वेळ उतरत नाही. अथर्ववेदात तिच्यावर सूक्त आहे. संस्कृतात ती 'पिप्पली'. 'मागधी' आणि 'वैदेही' ही तिची जुनी नावं तिचं माहेरही सांगतात, मगध आणि विदेह. या 'पिप्पली'नं जेवढा प्रवास केला तेवढा फार थोड्या शब्दांनी केला असेल. इराणात ती 'पिलपिल' झाली. अरबी लिपीत 'प' नाही, म्हणून तिथं 'फिलफिल'. ग्रीकांनी 'पेपेरी' केलं, रोमनांनी 'पिपेर', आणि शेवटी इंग्रजांनी 'पेपर'. गंमत पाहा, इंग्रज आज ज्याला पेपर म्हणतो ती चीज काळ्या मिऱ्याची आणि नाव आमच्या पिंपळीचं.

आणि हा शब्द परत घरीही आला. युनानी हकिमांच्या बरण्यांवर 'फिलफिल दराज' असं लिहिलेलं असे. दराज म्हणजे लांब. माझ्या आजोळी खोकला झाला की मधातून चाटण मिळायचं ते 'फिलफिल दराज'चं. शेजारच्या काकूंकडं तेच चाटण 'पिंपळी'चं. खोकला दोन्ही घरांत सारख्याच दिवसांनी थांबायचा.

रोममध्ये या पिंपळीचा भाव काय होता ते प्लिनीनं लिहून ठेवलं आहे. हा प्लिनी इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला. त्याच्या नोंदीप्रमाणं काळी मिरी पौंडाला ४ देनारी, पांढरी मिरी ७ आणि पिंपळी १५. म्हणजे मिऱ्याच्या जवळजवळ चौपट. प्लिनी यावर भलताच चिडलेला आहे. ना गोडी, ना रूप, नुसत्या तिखटपणासाठी माणसं हिंदुस्थानापर्यंत जातात, असा त्याचा त्रागा. हिंदुस्थान आपल्या साम्राज्यातून दरसाल पाच कोटी सेस्तर्स ओढून नेतो, हेही तो सांगतो. पण त्याचं ऐकतो कोण? रोममध्ये मिऱ्यासाठी मोठी कोठारं बांधली गेली. इ.स. ४०८ मध्ये अलारिकनं रोमला वेढा घातला, तेव्हा वेढा उठवायला त्यानं सोन्याचांदीबरोबर ३,००० पौंड मिरी मागून घेतली.

त्याच सुमारास आमच्या वाशिमला, म्हणजे तेव्हाच्या वत्सगुल्माला, वाकाटकांची राजधानी होती. या शाखेचा पहिला राजा सर्वसेन स्वतः कवी. त्यानं प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं, ते आज हरवलेलं आहे. राजशेखरानं तर आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्नच वत्सगुल्मात लावून दिलं आहे. विषय मसाल्याचा आहे हे मी विसरलेलो नाही, पण वाशिमच्या माणसाला हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

तर पिंपळी हिंदुस्थानातून निघायची कुठून? पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये याचं उत्तर आहे. भडोच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत, अकीक, सुती कापड आणि त्यातच पिंपळी. त्याच पानांत आपले पैठण आणि तेरही भेटतात. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, आणि या दोन्ही बाजारपेठांतून माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येतो, असं तो लिहितो. मला जहाजांपेक्षा या गाड्यांचं कौतुक जास्त आहे. जहाजाला वारा ढकलतो. गाडीला बैल लागतो, बैलाला चारा लागतो, आणि चाऱ्याला पाऊस.

ही पिंपळी आज आपल्याकडं संपली आहे असं समजू नका. सातपुड्याच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, जळगाव जामोद या पट्ट्यात ती आजही लावतात. तिकडं तिला पानपिंपरी म्हणतात. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळं आमच्या वयाच्या माणसाला हा पट्टा आपल्याच घरचा वाटतो. पानमळ्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा बारी समाज ही शेती करतो. वेल नाजूक. तिला ऊन सोसत नाही, साचलेलं पाणी सोसत नाही, थंडीची लाट आली तर तीही सोसत नाही. म्हणून पांगारा, शेवरी अशा झाडांची सावली आणि आधार द्यावा लागतो. फळं पिकायच्या आत, हिरवी असतानाच एकेक हातानं खुडायची आणि उन्हात वाळवायची. यंत्र इथं चालत नाही. माल जातो तो औषधांच्या कारखान्यांकडं. सुंठ, मिरे, पिंपळी मिळून होतो तो त्रिकटू, तो बहुतेक काढ्यांत असतो. तिची मुळं म्हणजे पिंपळमूळ, ते बाळंतिणीच्या लाडवात पडतं. स्वयंपाकघरातून मात्र पिंपळी उठली. रोमच्या ताटात पंधरा देनारीचं मोल असलेली बाई आता आजारपणातच घरी येते.

तिला उठवलं कोणी? दोघांनी. आधी स्वस्त झालेल्या काळ्या मिऱ्यानं आणि नंतर मिरचीनं.

मिरचीची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल, तरी थोडक्यात सांगतो. कोलंबस १४९२ मध्ये निघाला तो पूर्वेकडच्या मसाल्यांच्या शोधात. मिळाला वेगळाच मुलूख आणि वेगळंच तिखट. मिऱ्याला स्पॅनिशमध्ये 'पिमिएंता' म्हणतात, त्यांनी या नव्या फळाला 'पिमिएंतो' म्हटलं. आपणही तेच केलं. संस्कृत 'मरिच' म्हणजे काळं मिरं. त्यातूनच आपलं 'मिरे' आलं आणि त्यातूनच पुढं 'मिरची'. पाहुणी आली आणि घरातल्याच नावानं बोलावली गेली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात ही पाहुणी आपल्या किनाऱ्यावर उतरली. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वरानं लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त मांसाचे, डाळींचे कितीतरी प्रकार आहेत. तिखटासाठी मिरे आहेत, हिंग आहे, मिरची नाही. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये 'बासिम' म्हणजे आमचं वाशिम नोंदलेलं आहे. त्याच ग्रंथात बादशाही मुदपाकखान्याच्या कृती आहेत आणि मसाल्यांचे भाव आहेत. कृतींत मिरचीचा पत्ता नाही. भावांच्या यादीत मिरे आणि पिंपळी जवळपास एकाच किमतीला आहेत. रोममधली चौपट किंमत सोळाव्या शतकाच्या अखेरीस आग्र्यात बरोबरीवर आली होती.

मिरची जिंकली याचं कारण सरळ आहे. मिऱ्याला मलबारचा पाऊस लागतो, लवंगेला मोलुक्काची बेटं लागतात, पिंपळीला सावली लागते. मिरचीला काही लागत नाही. परसात, बांधावर, फुटक्या मडक्यात, कुठंही येते. गरिबाला आयुष्यात पहिल्यांदा फुकटचं तिखट मिळालं. मसाला हा तोवर विकत घ्यायचा जिन्नस होता. मिरचीनं तो पेरायचा जिन्नस केला. शेतकऱ्याच्या भाकरीवर ठेचा आला तो असा. राजे, नवाब, कंपन्या यांच्या इतिहासात या घटनेला तारीख नाही, पण माझ्या मते मसाल्याच्या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना.

इथं एक आठवण सांगतो. एका साहित्यिक कार्यक्रमात कविता वाचून खाली उतरलो, तर एक गृहस्थ फार प्रेमानं म्हणाले, "तुम्ही मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं काय लिहिता?" असा प्रश्न मला आयुष्यात इतक्या वेळा आला आहे की आता राग येत नाही. मी म्हटलं, "साहेब, दुपारच्या जेवणात ठेचा होता. ही मेक्सिकोची असून इतकी चांगली वऱ्हाडी कशी झाली, असं तुम्ही मिरचीला विचारलंत का?" गृहस्थ हसले. मी हिशेबही सांगितला. अचलपूरची इमादशाही १४९० ची. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. वऱ्हाडातल्या ज्येष्ठतेच्या यादीत माझा नंबर मिरचीच्या वर लागतो.

आता मूळ प्रश्न. बंदरावरचा माल इथं आणला कोणी? वाशिम जिल्ह्यात हा प्रश्न विचारायचा आणि पोहरादेवीचं नाव घ्यायचं नाही, हे बरं दिसणार नाही. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथं आहे. लवण म्हणजे मीठ वाहणारा तो लमाण, असा लमाण शब्दाचा अर्थ लावतात. मसाल्यांच्या इतिहासात मिठाला कोणी मसाला म्हणत नाही, पण व्यापाराचा पाया मिठाचा. वाळलेलं खोबरं, सुपारी, मिरे हे मिठाच्या सोबतीनं आत येणार आणि इकडून धान्य बाहेर जाणार. या फेरीला बंजारा बोलीत 'लदेणी' म्हणतात. बैल लादणं ती लदेणी.

बैल गाडीला जुंपलेले नसत. पाठीवर दोन्ही बाजूंनी गोणी लोंबकळत, त्यामुळं घाट असो की नाला, चाकाची अडचण नाही. गोण्यांचं तरट बायका स्वतः विणत. पीटर मंडी या इंग्रजाला १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याला जाताना १४,००० बैलांचा एक तांडा भेटला. सगळे बैल धान्यानं लादलेले. दिवसाची मजल फार तर सहा-सात मैल. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निएनंही दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. अशा तांड्याची गाठ पडली की वाट मोकळी व्हायला दोन-तीन दिवस थांबावं लागे, असं तो सांगतो. बंजाऱ्यांचे चार गट आहेत, एक गट धान्य, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी आणि चौथा मीठ वाहतो, असंही त्यानं लिहून ठेवलं आहे. तांड्यात बायका, मुलं, कोंबड्या, देव, सगळं बरोबर. घर मागं ठेवून व्यापार करणारे व्यापारी जगात पुष्कळ झाले. घर बैलावर घालून व्यापार करणारे हे.

लढाई चालू असली तरी दोन्ही बाजूंच्या फौजा तांड्याला सहसा हात लावत नसत, कारण दोन्ही फौजांना उद्या जेवायचं असे. १८०३ मध्ये वेलस्लीनं अडगावला आणि मग गाविलगडला लढाई जिंकली, तेव्हा त्याच्या फौजेच्या पोटापाण्याची मदार बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. तेल्हारा तालुक्यातलं हे अडगाव त्याच पानपिंपरीच्या पट्ट्यातलं. आपल्याकडं इतिहासाची अशी गर्दी आहे की एकाच शेतात तीन-तीन प्रकरणं सापडतात.

माल जिथं उतरायचा अशा पेठांत आमचं कारंजा मोठं. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये सुरतेनंतर कारंजाही लुटलं. सोनं, चांदी, भारी कापड मिळून एक कोटीचा ऐवज चार हजार बैल-गाढवांवर लादून नेल्याचं जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे. गावात तेवढं होतं म्हणून नेलं. कारंज्यात 'कस्तुरीची हवेली'ची कथा अजून सांगतात. उंटांवर कस्तुरी घेऊन एक व्यापारी आला, एवढा माल घेणारा कोणी मिळेना. तेव्हा तिथल्या जैन सावकारानं ती सगळी कस्तुरी विकत घेऊन हवेलीच्या बांधकामाच्या चुन्यात घालायला सांगितली. ही दंतकथा आहे. पण दंतकथेलाही गाव लागतं, आणि ज्या गावात अशी कथा लोकांना खरी वाटते त्या गावात एकेकाळी पैसा खेळलेला असतो.

हे सगळं मोडलं ते आगगाडीनं. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून धावू लागली. मूर्तिजापूर-यवतमाळची 'शकुंतला' पुढं कारंज्यावरून कापूस ओढू लागली. मिठाच्या व्यापारावर सरकारचा ताबा आलेला होताच. बैलाची सहा मैलांची मजल आणि इंजिनाचा तास, ही शर्यतच नव्हती. वाईट याचं वाटतं की काम गेलं त्यावर भागलं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली देशाच्या काही भागांत बंजाऱ्यांचीही नोंद झाली. शतकानुशतकं ज्याच्या गोणीवर विश्वास ठेवून सावकार माल सोडत होता, त्याला आता पोलीस पाटलाकडं हजेरी. हा कायदा उठला १९५२ मध्ये. आज त्याच तांड्यांतली माणसं ऊसतोडीला, बांधकामाला, पुण्या-मुंबईकडं जातात. ओझं तेच आहे, बैल तेवढा मध्ये उरला नाही.

वाशिम जिल्ह्यात मसाल्याचं पीक म्हणाल तर आता हळद. रिसोड, मालेगाव, वाशिमकडं गेल्या काही वर्षांत तिचा पेरा वाढला. शेजारच्या हिंगोलीचा हळदीचा बाजार मोठा. हळद काढली की कढईत शिजवा, वाळवा, ढोलात घालून घासा, मग बाजार. या हळदीचा जखमेवरचा गुण आपणच शोधला असं सांगून अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट घेतलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. संस्थेनं त्यावर हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पुरावे म्हणून जुनी कागदपत्रं दिली, त्यांत संस्कृत होती, हिंदी होती आणि उर्दूही होती. ही बातमी वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. हळद वाचवायला आज्जीबाईंच्या बटव्याबरोबर हकीमसाहेबांची बरणीही कामाला आली.

आणि देशी-परदेशी म्हणाल, तर वरणाला फोडणी देताना चिमूटभर टाकतो तो हिंग शेकडो वर्षं काबूलकडून येत राहिला. आपल्या मातीत त्याची लागवड सरकारी प्रयत्नानं सुरू झाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, हिमाचलातल्या लाहौलमध्ये. आमच्याच जिल्ह्यात अलीकडं चिया पेरू लागले आहेत. तीही मेक्सिकोकडचीच, मिरचीची गाववाली.

पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा समाजाच्या वारशाचं, नंगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालय सुरू झालं. चांगलं झालं. पण मी लदेणीची वस्तू पाहिली ती त्याच्या पुष्कळ आधी, मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर, एका शाळासोबत्याच्या घरी. भिंतीला एक भरतकामाची थैली टांगलेली होती, कडेनं कवड्या शिवलेल्या. या कवड्या मालदीवकडच्या समुद्रातल्या. पणजोबांच्या वेळची आहे, सोबत्याची आई म्हणाली. पुढच्या बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळही होती, ती कोणीतरी मोडीत विकली. मी विचारलं, थैलीत तेव्हा काय ठेवत असत? ती म्हणाली, बाबा, सुपारी असल, वाटखर्चाचं नाणं असल, कोणाला माहीत. आता त्यात रेशनकार्ड आहे आणि पोरांचे जातीचे दाखले.